एकच रूळ धरा, ताई

पत्र: «माझं वय ५४. गोव्यात फोंडा तालुक्यात राहते, सरकारी खात्यात हिशेब विभागात आहे. पोस्टातली आरडी यंदा संपली आणि हातात सव्वा लाख रुपये आले. एकदा परदेश बघायचा आहे आणि तो एकटीनं बघायचा आहे. यजमानांना प्रवासाची हौस नाही. ते ‘जा’ म्हणतात, पण मनापासून नव्हे. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, ग्रूप टूर घे. मी स्वतःच बसून बेत आखला आहे. दिवाळीच्या सुटीला रजा जोडून तेरा दिवस: बँकॉक, तिथून बसने सिएम रीप म्हणजे अंकोर वाट, मग हो ची मिन्ह सिटी, होई आन, हनोई आणि हा लाँग बे. हे जमेल का? पैसे पुरतील का? की या वयात एकटीनं जायचं म्हणणं हाच हट्ट आहे? — एक वाचक»

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आधीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत. जा. स्वतः साठवलेल्या पैशातून, घरच्यांना सांगून, तेरा दिवस बाहेर जाण्याला हट्ट म्हणत नाहीत. हरमलच्या, पाळोळेच्या वाटेवर पाठीवर बोचकं घेऊन एकट्या चालणाऱ्या बायका आपण लहानपणापासून बघत आलोय. त्यातल्या कितीतरी तुमच्याहून वयानं मोठ्या असतात. आपल्याच लोकांनी त्यांना खोल्या दिल्या, शहाळी सोलून दिली, बस कुठे मिळते ते सांगितलं. आता ते सगळं दुसऱ्या कुणाकडून तुम्ही घेणार आहात.

मुलाचं म्हणणंही मी झटकून टाकत नाही. ज्यांना सोबत आपली भाषा आणि ताटात आपलं जेवण हवं असतं, त्यांच्यासाठी ग्रूप टूर चांगली. पण तुम्ही ‘परदेश बघायचा आहे’ एवढंच लिहून थांबला नाहीत, ‘एकटीनं’ हा शब्द मुद्दाम लिहिलात. तो मी खरा मानते. शिवाय टूरमध्येही एकटीला वेगळी खोली हवी म्हटलं की जादा पैसे मोजावेच लागतात.

मात्र तुमचा बेत मला मान्य नाही. तुम्ही हिशेबातल्या आहात, म्हणून हिशेबानंच सांगते. तेरा दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे पाच वेळा बिऱ्हाड हलवणं. एका हलवण्यात काय काय येतं बघा: सकाळी सामान बांधायचं, खोली सोडायची, विमानतळावर नाहीतर स्थानकावर आधी जाऊन बसायचं, प्रवास करायचा, उतरल्यावर नव्या गावात डावंउजवं समजून घ्यायचं. दिवस संपला. असे पाच गेले, गोव्याहून जाण्यायेण्यात दोन गेले. उरले सहा. सहा ठिकाणांच्या वाट्याला एकेक दिवस, आणि तोही दमलेला. दोघं असली की एक रांगेत उभा राहतो, दुसरा सामानापाशी. एकटीला स्वच्छतागृहात जातानाही बॅग आत ओढून न्यावी लागते. बिऱ्हाड हलवण्याचा भार एकटीवर दुप्पट पडतो, आणि खर्चही तिथेच होतो. अंगातलं त्राण आणि पाकिटातले पैसे एकाच भोकातून गळतात.

त्यात बँकॉकहून बसने सिएम रीप. थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर २०२५ च्या जुलैमध्ये चकमकी झाल्या आणि रस्त्यावरची नाकी बंद पडली. असल्या सीमेच्या भरवशावर तेरा दिवसांचा बेत टांगू नये. विमानाने जायचं तर सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ पासून गावापासून चांगला लांब, चाळीस-पन्नास किलोमीटरवर गेला आहे. अंकोरचा एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा आणि तीन दिवसांचा ६२ डॉलरचा. ते ठिकाण तीन दिवस मागणारंच आहे. एका दुपारी धावतपळत उरकलंत तर परत आल्यावर तुम्हालाच चुटपुट लागेल. अंकोर पुढच्या आरडीसाठी ठेवा, अगदी मनापासून सांगते. तीन देश म्हणजे तीन देशांचे प्रवेशाचे नियम, तीन चलनं आणि तीन सिमकार्डंही आलीच.

आणि दिवाळी. दिवाळीत आपल्याकडे आभाळ मोकळं झालेलं असतं, म्हणून तिथंही तसंच असेल असं वाटतं. पण मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हेच पुराचे महिने. होई आनमध्ये थू बोन नदी जुन्या गावात शिरते आणि गल्ल्यांतून होड्या चालतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीला होई आन आणि ह्युए ही दोन्ही गावं पाण्याखाली होती. ज्या गावासाठी तुम्ही जाणार त्याचे दरवाजे फळ्या ठोकून बंद केलेले बघण्यात काय हशील? जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी त्यांचं नववर्ष, तेत, येतं. तेव्हा सगळा देश आपापल्या गावी जातो, गाड्या भरतात, दुकानं मिटतात. अगदी आपल्या गणेश चवथीसारखं. मार्च चांगला, पण मार्चअखेर हिशेब खात्यातल्या माणसाला कोण सोडणार? म्हणून एप्रिलचा पहिला पंधरवडा धरा. उत्तरेची थंडी सरलेली असते, मधला भाग कोरडा असतो आणि दक्षिणेत उकाडा असतो तो आपल्याला नवा नाही. ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या मोठ्या सुट्या, त्याआधी परत या. तुम्ही सरकारी नोकरीत आहात, तेव्हा परदेशी जाण्याची कार्यालयीन परवानगी रजेबरोबरच मागा. ती फाईल कुठल्या टेबलावर अडते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आता माझा बेत ऐका. एकच देश, व्हिएतनाम. आणि त्यातला एकच रूळ. हनोईहून सायगॉनला, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह सिटीला, १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग जातो. तो १९३६ मध्ये पुरा झाला, युद्धात जागोजागी तुटला आणि १९७६ च्या अखेरीस पुन्हा जोडला गेला. आपण कोकण रेल्वेच्या काठावर वाढलेली माणसं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये रूळ, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. त्या रुळावर तुमची चार मुक्कामाची गावं ओवा: हनोई, ह्युए, होई आन, हो ची मिन्ह सिटी. विमान हनोईत उतरणारं आणि सायगॉनहून परतणारं घ्या. तिकीट काढताना ‘मल्टी सिटी’ हा पर्याय निवडला की असं मिळतं. गेल्या वाटेनं परत येण्याचा एक दिवस आणि एक तिकीट वाचतं.

हनोईत चार रात्री. त्यातला एक दिवस निन्ह बिन्हला. पाण्यातून उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पोटातल्या गुहांतून जाणारी नाव हे तिथं त्रांग आनला मिळतं. जवळच्या ताम कॉकला बायका पायांनी वल्ही मारतात, ते बघताना मी छायाचित्र काढायचं विसरले होते. हा लाँगसारखेच डोंगर आहेत, फक्त समुद्राऐवजी भातशेती. म्हणून हा लाँग मी गाळलं आहे. बोटीवर एक रात्र राहायचं तर तिथला खर्च मोठा, आणि बहुतेक खोल्या दोघांच्या हिशेबानं विकतात.

हनोईहून रात्रीची गाडी, सकाळी ह्युए. तिथं दोन रात्री. १८०२ ते १९४५ या काळात राज्य केलेल्या न्गुयेन घराण्याची ही राजधानी. ह्युएहून दिवसाउजेडी दा नांगला जाणारी गाडी घ्या. अंतर शंभरेक किलोमीटर आणि वेळ अडीच-तीन तास, कारण गाडी हाय वान घाटाला वळसा घालत समुद्राच्या अगदी कडेनं हळूहळू जाते. दा नांगहून होई आन तीस किलोमीटर. होई आनला ना स्थानक ना विमानतळ, म्हणूनच ते गाव अजून शांत वाटतं. तिथं तीन रात्री. शक्य असेल तर तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा बघा. त्यांच्या चांद्रमासाच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या चतुर्दशीला, होई आनचं जुनं गाव विजेचे दिवे मालवतं आणि कंदिलांवर राहतं. गर्दी असते, तरी बघावं.

होई आनहून एका सकाळी ‘मी सन’ नावाच्या जागी जायचंच. यात मी सवलत देणार नाही. तिथल्या जुन्या चंपा राज्यातल्या राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत बांधलेली विटांची शिवमंदिरं आहेत ती. भद्रवर्मन राजानं स्थापन केलेल्या शिवाचं नाव भद्रेश्वर. कितीतरी शिलालेख संस्कृतात. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत तिथलं सगळ्यात देखणं मंदिर पडलं. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं तिथल्या काही मंदिरांची डागडुजी केली, आणि त्या कामात २०२० साली नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग जमिनीतून निघालं. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ तुम्ही पाहिलंच असेल. रानात, ओढ्याकाठी, डोंगराच्या कुशीत. ‘मी सन’ला उभं राहिलं की तेच रान आठवतं. फरक एवढाच, की आपल्या देवळात अजून दिवा लागतो.

सायगॉनला तीन रात्री. रूळ सायगॉनपर्यंत जातोच, पण दा नांगहून पुढे विमान घ्या. सोळा-सतरा तासांची दुसरी रात्र गाडीत काढायला तोवर अंगात जोर उरलेला नसतो.

हे जोर उरण्या-न उरण्याचं मी स्वतः शिकले ते पहिल्याच एकटीच्या प्रवासात. दोन हजार रुपये वाचतात म्हणून मी मध्यरात्रीनंतर उतरणारं विमान घेतलं. त्याच मोहानं हॉटेलही गल्लीच्या आत, जिथं गाडी जात नव्हती असं. दीड वाजता मी बॅग ओढत त्या गल्लीत गेले तर शटर खाली. कळवूनही कुणी थांबलेलं नव्हतं. अर्धा तास शटर वाजवलं, तेव्हा कुठे आतून दिवा लागला. काही वाईट घडलं नाही, पण पुढचे दोन दिवस माझे पाय खोलीबाहेर निघेनात. तेव्हापासून मी पैसे वाटते ते असे: ज्या क्षणी मी दमलेली असणार आणि जागा अनोळखी असणार, तिथं हात सैल सोडायचा. ज्या वेळी ताजीतवानी असणार, तिथं आवळायचा. विमान दुपारी उतरणारं घ्या, हजार-दोन हजार जास्त पडले तरी. प्रत्येक नव्या गावातलं पहिलं वाहन हॉटेलनं पाठवलेलं किंवा ॲपवरचं. गाडीत खालची बर्थ. मुंबईला विमान पकडायचं तर आदल्या दिवशी पोचा, पहाटे पोचणाऱ्या गाडीवर भिस्त ठेवू नका. पावसाळा नसला तरी गाडी उशिरा धावायला कारण लागत नाही. याउलट सकाळी पोटभर नाश्ता झाल्यावर तुम्ही बसने जा, पायी जा, फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून जेवा. तिथं वाचलेल्या पैशाची खंत वाटत नाही.

खोली निवडताना एक गोष्ट नक्की विचारा: खिडकी आहे का. हनोई-सायगॉनची जुनी घरं रुंदीला चिंचोळी आणि लांबीला बोगद्यासारखी असतात, त्यामुळे स्वस्त खोल्या पुष्कळदा बिनखिडकीच्या. चित्रात पडदा दिसतो, पडद्यामागे भिंत असते. पाचव्या मजल्यावर लिफ्टशिवाय चढायचं का, तेही विचारा. हॉटेलवाले नोंदणीसाठी पासपोर्ट मागतात, कारण पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते. नोंद झाली की तो परत मागून घ्या, त्यांच्या खणात राहू देऊ नका.

आता सव्वा लाख. मुंबई ते हनोई आणि सायगॉन ते मुंबई हे तिकीट सामानासकट पस्तीस हजार धरा. दोन-तीन महिने आधी काढलंत तर कमीही पडेल. मुंबईपर्यंत रेल्वेनं जाण्यायेण्याचे आणि तिथल्या एका रात्रीचे सहा हजार. व्हिसा पंचवीस डॉलर, म्हणजे दोन-सव्वादोन हजार. विमा दोन हजार. खोल्यांचे बारा रात्रींचे, रात्रीला बावीसशे धरून, सव्वीस हजार चारशे. तेरावी रात्र गाडीत; मुंबईचा मुक्काम आणि जाणंयेणं धरून रजा तेराऐवजी पंधरा-सोळा दिवसांची मागा. एकटीला खोलीचं भाडं अर्धं होत नाही, हा एकटेपणाचा खरा कर आहे आणि तो भरावा लागतो. जेवणखाण दिवसाला हजार, म्हणजे तेरा हजार. हनोई ते सायगॉन मधले सगळे प्रवास मिळून बारा हजार. गावातली वाहनं, तिकिटं आणि दिवसभराच्या सहली मिळून आणखी बारा. बेरीज करून बघा, एक लाख नऊ हजारांच्या आत आहे. उरलेले सोळा हजार खर्चायचे नाहीत. आजारी पडलात, गाडी चुकली, खोली आवडली नाही म्हणून बदलावी लागली, तर त्यांना हात लावा. शेवटच्या दिवशी ते शिल्लक दिसले की ‘होई आनच्या शिंप्याकडून एक कुडता शिवून घ्यायला हवा होता’ अशी हळहळ नको. म्हणून दोन-तीन हजार त्यासाठी आताच वेगळे काढा.

निन्ह बिन्ह आणि ‘मी सन’च्या सहलींसाठी स्वतंत्र गाडी करू नका. दहा-बारा माणसांची एकत्र सहल असते, तिच्यात बसा. खर्च वाटला जातो, आणि त्या दिवशी बोलायला माणसं मिळतात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर याची किंमत कळते.

व्हिसा घरी बसून काढता येतो. एकदा प्रवेशाच्या व्हिसाचं शुल्क पंचवीस डॉलर, मुदत नव्वद दिवसांपर्यंत. पण शोधायला गेलात की सरकारीसारख्या दिसणाऱ्या, दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या साइट आधी वर येतात. खऱ्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ असतं, ते बघूनच पुढे जा. अर्जात कुठल्या विमानतळावरून आत शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हे भरायचं असतं, म्हणून वाट आधी पक्की हवी. आणि नाव! आपल्या बायकांच्या नावाचा गोंधळ नेहमीचा: आधार कार्डावर एक, पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट दुसरं, बँकेत तिसरं. व्हिसा आणि विमानाचं तिकीट दोन्हीवर पासपोर्टावरच्या अक्षरांत, त्याच क्रमानं, मधल्या नावासकट लिहा. जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक मुलाकडून एकदा वाचून घ्या. एका अक्षराच्या चुकीसाठी विमानतळावर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरलेली हवी. नसेल तर आधी पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाची वेळ घ्या.

पैसे नेताना. आपल्याकडच्या फॉरेक्स कार्डावर सहसा डाँग, म्हणजे व्हिएतनामचं चलन, भरता येत नाहीत. डॉलर भरले की तिथं वापरताना पुन्हा बदलाचं शुल्क पडतं. तीनशे-चारशे डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा घ्या, कारण मळक्या नोटा तिथं नाकारतात. सोबत दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या जागी. कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेच्या ॲपवर ते आधी सुरू करावं लागतं, आपोआप चालत नाही. मोबाइलचं रोमिंगही इथूनच सुरू करून जा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार कुठे? दुकानात किंवा एटीएमवर ‘रुपयात की डाँगमध्ये’ असं विचारलं की डाँग म्हणा. रुपयातला दर नेहमी तुमच्या तोट्याचा असतो. डाँगची शून्यं बघून घाबरायला होतं. शेवटची तीन शून्यं मनातून पुसा आणि साडेतीननं गुणा, साधारण रुपये येतात. पन्नास हजारांचं वाडगं म्हणजे पावणेदोनशे रुपये. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर. संध्याकाळच्या अंधुक उजेडात गफलत होते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सोमवार पाळत असाल असं धरून लिहिते. त्या लोकांत ‘चाय’ म्हणजे शिवराक, शाकाहारी. पाटीवर रोमन अक्षरांत सी-एच-ए-वाय दिसलं की आत जा. तिथले बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शिवराक खातात, म्हणजे आपल्यासारखेच वार-तिथीचे हिशेब त्यांच्याकडेही आहेत. ह्युएचं शिवराक जेवण नावाजलेलं. नुस्त्याच्या, म्हणजे मासे खायच्या, दिवशी तुम्हाला काहीच कमी पडणार नाही. फक्त माशांपासून केलेला ‘न्यूओक माम’ हा खारट रस ते जवळजवळ सगळ्यात घालतात, म्हणून सोमवारी चाय पाटीच्या बाहेर जाऊ नका. चार शब्द पाठ करा: बो म्हणजे गोमांस, गा कोंबडी, का मासा, आणि डुकराला दक्षिणेत हेओ, उत्तरेत लोन. फो नावाचं शेवयांचं सूप मागताना ‘फो गा’ म्हटलं की कोंबडीचं येतं.

पाट्या तुम्हाला वाचता येतील याचं आश्चर्य वाटेल. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि ती लिपी बसवली सतराव्या शतकात पोर्तुगालच्या छत्राखाली आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी. त्यांच्यातले अलेक्झांडर द रोद पूर्वेला जाताना गोव्यात राहून गेले होते; त्यांचा व्हिएतनामी, पोर्तुगीज आणि लॅटिन शब्दांचा कोश १६५१ मध्ये रोमला छापला गेला. त्याच शतकात आपल्याकडे रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्स यांचं मराठी रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. ‘एन-एच’ लिहून ‘न्य’ उच्चारायची ती पोर्तुगीज रीत हनोईच्या पाट्यांवर दिसते, जशी ती आपल्या शेजारच्या नोरोन्यांच्या दारावरच्या पाटीवर दिसते. मला तिथं पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा भर रस्त्यात थांबून मी पाट्याच वाचत राहिले.

एक गोष्ट करायची नाही म्हणजे नाही: दुचाकी भाड्यानं घ्यायची नाही. आपण दूध आणायलाही स्कूटर काढणारी माणसं, त्यामुळे मोह होणार. पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराखालचाच मानतं. म्हणजे तिथं तुम्ही विनापरवाना ठरता, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते. त्याऐवजी ॲपवर दुचाकी बोलवा, आपल्या गोव्यातल्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्या पायलटसारखीच मागे बसायची सोय. हेल्मेट तेच देतात. रस्ता ओलांडताना सायगॉनच्या दुचाकींच्या लोंढ्यापुढे थांबू नका आणि पळूही नका. एका संथ गतीनं चालत राहिलात की ते तुम्हाला वळसा घालतात. फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात धरू नका, दुचाकीवरून हिसकावून नेण्याचे प्रकार तिथं होतात. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत शिरून बघा.

विमा घेताना रक्तदाब, थायरॉईड, जे काही असेल ते लपवू नका. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. सामान तेवढंच, जेवढं तुम्ही स्वतः डोक्याइतक्या उंचीवर उचलू शकता. घरी उचलून बघा, कुणाची मदत न घेता.

आता यजमान. ते मनापासून ‘जा’ म्हणत नाहीत ते मला भीतीचं वाटतं, विरोधाचं नाही. भीतीला तपशील द्यावा लागतो. एका कागदावर रोजची तारीख, गाव, हॉटेलचं नाव आणि फोन, गाडी-विमानाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजवर लावा. हनोईतल्या भारतीय दूतावासाचा आणि सायगॉनच्या वाणिज्य दूतावासाचा क्रमांक खाली. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत. तुमच्या रात्री साडेआठला, म्हणजे घरी दिवेलागणीला सात वाजता, रोज एक फोन. वेळ ठरलेली असली की बाकीचा दिवस ते निश्चिंत राहतील आणि तुम्हीही.

संध्याकाळबद्दल सांगायला हवं. एकटीच्या प्रवासात दिवस सोपे जातात, अवघड असतं ते रात्रीचं जेवण. चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटं बसलं की सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं. कुणी बघत नसतं, पण वाटतं, आणि त्यानं घास उतरत नाही. याची सवय इथंच करा. डिसेंबर-जानेवारीत मडगावहून लोंढ्यामार्गे होस्पेटला जाणारी गाडी पकडा आणि हंपीत दोन रात्री एकटीनं राहून या. भाषा थोडी परकी, गाव थोडं अनोळखी, घर एका दिवसाच्या अंतरावर. तिथं तुम्हाला कळेल की तुम्ही किती चालू शकता, किती वाजता तुमचा धीर सुटतो, बॅगेतल्या कोणत्या वस्तूला हातच लागला नाही. हंपीला रडू आलं तरी हरकत नाही. ते का आलं ते मला लिहा, आणि तेवढ्यानं बेत बदलायचा की नाही ते आपण दोघी ठरवू.

क्रम असा ठेवा: पासपोर्टची मुदत आजच बघा, कार्यालयीन परवानगीचा अर्ज दिवाळीपूर्वी, हंपी नाताळाच्या सुटीत, विमानाचं तिकीट जानेवारीत, खोल्या फेब्रुवारीत आणि त्याही फुकट रद्द करता येतील अशाच, व्हिसा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात म्हणजे तुमची वर्षअखेरीची धांदल सुरू होण्याआधी. गाडीची तिकिटंही तेव्हाच काढा. आणि ह्युए ते दा नांगचं काढताना डावीकडची खिडकी मागा. दक्षिणेकडे जाताना समुद्र त्या बाजूला असतो.